बाबांच्या हर्नियाची फाइल

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या वडिलांनी स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनची फाइल परत पाठवली. शेरा होता : ‘पूर्वीच्या कागदपत्रांसह पुन्हा पुट अप करावे.’ फाइल जिच्याकडे परत जायची होती ती माझी आई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पोहे खात बसली होती. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. तरीही फाइल आधी माझ्याकडे आली, मी आवक-जावक वहीत नोंद केली आणि मग ती आईपुढे ठेवली. आईने बशी बाजूला सरकवून शेरा वाचला आणि उरलेले पोहे संपवले.

फाइल परत येण्याची ही चौथी वेळ होती. सर्जनने ऑपरेशन करायला सांगितलं त्याला सहा आठवडे झाले होते.

वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर कामाला होतो आणि माझी पाळी दुपारची होती, त्यामुळे सकाळच्या घडामोडी मी प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत. ताई गुरुग्रामला एका कंपनीत होती आणि तिथेच एका सोसायटीत राहत होती. प्रकरणात गुंतलेली माणसं एवढीच.

‘पुट अप’ हा शब्द आमच्या घरात मी शाळेत जाण्याआधीपासून होता. ऑफिसात खालचा माणूस एखाद्या विषयावर टिपणी लिहितो, ती फाइलीला जोडतो आणि वरच्या माणसाकडे पाठवतो. या पाठवण्याला पुट अप म्हणतात. वरचा माणूस शेरा मारतो आणि फाइल खाली येते. वडिलांनी ही पद्धत घरी लागू केली होती. जे बोललं गेलं पण पुट अप झालं नाही, ते झालंच नाही असं धरलं जाई. फ्रिज बदलणं, माझी आग्र्याची सहल, ताईचं अकरावीत सायन्स सोडणं, हे सगळं फाइलीवरून झालं. डाव्या बाजूला हिरवट कागदावर टिपण्या, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, कोपऱ्यात दोरीचा टॅग. सरकारी कागद घरी आणणं वडिलांना मान्य नव्हतं. हिरवे कागद ते आयएनए मार्केटमधून विकत आणत. पुढे ऑफिसात सगळ्या फाइली कॉम्प्युटरवर गेल्या. त्यानंतर वडिलांच्या हाताखाली कागदाची म्हणून जी फाइल उरली, ती फक्त घरची.

तक्रार करण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. ते जवळजवळ सगळंच मंजूर करत, आणि लवकर करत. कुठलाही कागद आपल्या टेबलावर दोन दिवसांपेक्षा जास्त राहू द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी पाळला होता. मी तिसरीत असताना बाईंना गृहपाठाची वही देताना ‘मॅम, पुट अप कर रहा हूँ’ म्हणालो. बाईंचे यजमानही सरकारी नोकरीत असावेत. त्यांनी वही घेतली आणि दुसऱ्या दिवशी ‘सीन’, म्हणजे ‘पाहिले’, असं लिहून परत दिली.

या शब्दाला मराठीत काय म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वडील ‘सादर करणे’ म्हणत, पण ते केवळ कोणी विचारलं तर. आई पुट अप हा शब्द फाइलीपुरताच वापरायची. एरवी तिचे तीन शब्द होते. ‘कानावर घालणे’ म्हणजे आपण सांगितलं, आता ऐकणाऱ्याने बघावं. ‘विषय काढणे’ याला थोडी हिंमत लागते, कारण विषय बहुधा कोणाला नको असतो. ‘मांडणे’ म्हणजे सगळं ओळीने सांगणं, मधे कोणी बोलायचं नाही. हिंदीत शेजारी ‘बात रखना’ म्हणत, ते मांडण्याच्या जवळचं. ताई तिच्या ऑफिसच्या सवयीने ‘रेज केलं’, ‘फ्लॅग केलं’ म्हणायची. आमच्या डेस्कवर ‘कॉपी टाकली’ म्हणतात, आणि टाकली की आपला संबंध संपतो. या सगळ्यांत आणि पुट अपमध्ये एक फरक आहे, तो वडिलांनी मला एकदा समजावून सांगितला होता. कानावर घातलेली गोष्ट कानातून जाऊ शकते. कागद जातो तेव्हा त्याच्याबरोबर जबाबदारीही जाते, आणि ती नेमक्या कुठल्या टेबलावर आहे हे कोणत्याही क्षणी सांगता येतं.

जानेवारीच्या शेवटी वडिलांनी स्वयंपाकघरात गॅसचा भरलेला सिलिंडर सरकवला. दोन दिवसांनी उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसली. आम्ही तिघे सर्जनकडे गेलो. सर्जनने तपासायला चार मिनिटं घेतली.

“सर, अभी छोटा है, आराम से हो जाएगा,” ते म्हणाले. “पर टालिए मत. आँत फँस गई तो इमरजेंसी में करना पड़ेगा, और वो मैं नहीं चाहता.”

वडिलांनी हे लेखी मिळेल का असं विचारलं. सर्जनने त्यांच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलेलंच होतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, पुढच्या आठवड्यात करून टाका. वडील बूट काढत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, “पुट अप करा.”

आईने त्याच संध्याकाळी टिपणी लिहिली. एकच वाक्य होतं : ऑपरेशन लवकर करून घ्यावे. सकाळी फाइल परत आली. शेरा : ‘टिपणी स्वयंपूर्ण नाही.’ आई मला म्हणाली, तू लिही, तुझा धंदाच आहे. मी लिहिली. कोणाला, काय, कधीपासून, कुठे, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं पहिल्या परिच्छेदात घेतलं. गाठ, सर्जनचं नेमकं वाक्य आणि उशीर झाला तर काय, तेही घेतलं. दीडशे शब्द झाले. दुसऱ्या दिवशी शेरा आला : ‘ही बातमी आहे. प्रस्ताव नाही.’

तिसऱ्या वेळी ताई आली. तिने अकरा स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं होतं. त्यात ऑपरेशन केलं तर आणि नाही केलं तर अशा दोन रकान्यांचा तक्ता होता आणि शेवटच्या स्लाइडवर ‘नेक्स्ट स्टेप्स’ होत्या. वडिलांनी ते प्रिंट करायला लावलं, भोकं पाडली, उजव्या बाजूला टॅगमध्ये ओवलं आणि प्रत्येक पानावर क्रमांक घातला.

“बाबा, हे मी मागच्याच आठवड्यात फ्लॅग केलं होतं,” ताई म्हणाली.

“कुठे?”

“फॅमिली ग्रुपवर.”

“त्याला कागद म्हणत नाहीत.”

“बाबा, यार, हर्निया आहे. टेंडर नाही.”

वडिलांनी प्रेझेंटेशन आवडल्याचं सांगितलं आणि तिला चहा घेऊन मगच जा म्हणाले. दोन दिवसांनी या वेळचा शेरा आला. तो आधीच्या दोन्हीपेक्षा मोठा होता. प्रस्तावातील लाभार्थी आणि निर्णय घेणारा अधिकारी एकच व्यक्ती आहे. स्वतःच्या प्रकरणात स्वतः निर्णय घेणे उचित नाही. सबब निर्णय देता येत नाही. खाली सही, तारीख.

आई म्हणाली, मग मी देते. वडिलांनी सांगितलं की आई लिंक ऑफिसर आहे, म्हणजे मुख्य अधिकारी रजेवर असेल तेव्हा त्याच्या जागी ती सही करू शकते, एरवी नाही. आई म्हणाली, मग रजा घ्या. वडील म्हणाले, घरातून रजा घेण्याची तरतूद नाही. हे संभाषण वरण गरम करता करता झालं. दोघांपैकी कोणीही आवाज चढवला नाही.

त्या आठवड्यात मी काही गोष्टी पाहिल्या. वडिलांनी नाडीचे बूट घालणं बंद केलं होतं आणि ते चप्पल घालून ऑफिसला जाऊ लागले होते. चालताना त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात असे. खिशात काही नसे. खोकला आला की ते उभ्या उभ्या थांबत, हात आत दाबत आणि मग खोकत. मी हे आईला सांगितलं. तिने ते माझ्या आधी पाहिलं होतं.

आईने चौथी टिपणी केली. तीत सर्जनचा कागद, गाठीचा आकार आणि चपलेचाही उल्लेख होता. त्या टिपणीवर गुरुवारी पूर्वीच्या कागदपत्रांचा शेरा आला.

या शेऱ्याचा अर्थ दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या कोणालाही कळतो. वरच्या माणसाला निर्णय घ्यायचा नसला की तो जुने कागद मागतो. जुने कागद नसतात, किंवा असले तरी सापडत नाहीत, आणि सगळ्यांनाच पंधरा दिवस मिळतात. कोणी खरोखर शोधायला जात नाही. वडिलांचं आयुष्यात एकही ऑपरेशन झालेलं नव्हतं, म्हणजे पूर्वीचे कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. मला ते वाचताक्षणी कळलं. ताईला फोनवर सांगितलं तर तिलाही कळलं.

आईला कळलं नाही. ती कधी ऑफिसात गेलेली नव्हती. तिने कागद मागितलेत म्हणून शोधायला घेतले.

थंडी संपत आली होती आणि रजया आवरायच्याच होत्या. तिने दिवाणाखालची लोखंडी ट्रंक बाहेर ओढायला मला सांगितलं. जुन्या घरगुती फाइली तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या थराखाली होत्या. वडिलांनी त्या वर्षवार बांधलेल्या होत्या, त्यामुळे शोधायला फार वेळ लागला नाही. आई शुक्रवारी आणि शनिवारी जमिनीवर बसून एकेक गठ्ठा सोडत होती. मी तिला म्हणालो की असं काही सापडणार नाही. ती म्हणाली, त्यांनी मागितलंय म्हणजे असेल.

शनिवारी दुपारी सापडलं. विषय होता : ‘सौ. यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया.’ मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आईची टिपणी चार ओळींची होती. तिच्याखाली वडिलांनी तीन परिच्छेद लिहिले होते. पहिल्यात शस्त्रक्रिया मान्य. दुसऱ्यात असं की पती-पत्नीपैकी एक रुग्ण असेल तर निर्णय दुसऱ्याने घ्यावा, रुग्णावर सोडू नये. तिसऱ्यात असं की रुग्णाला कशाची भीती वाटत असल्यास ती लेखी मांडावी, म्हणजे तिचा विचार करता येईल. त्याखाली आईच्या अक्षरात लिहिलं होतं : टेबलावर असताना मधेच जाग येईल असं वाटतं. समासात वडिलांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : मी दारापाशी बसेन. तारखा पाहिल्या तर फाइल आली त्याच दिवशी परत गेली होती.

आईने ते पान बराच वेळ हातात धरलं. मग तिने मला विचारलं, “याला काय म्हणतात? आधी झालेलं दाखवतात ते.”

“पूर्वोदाहरण.”

“हां. ते लाव.”

मी जुनी फाइल नव्या फाइलीला जोडली आणि पानावर चिठ्ठी लावली. आईने नवी टिपणी लिहिली. मागितल्याप्रमाणे पूर्वीचे कागद जोडले आहेत. त्यातील परिच्छेद दोननुसार रुग्णाच्या प्रकरणी निर्णय दुसऱ्याने घ्यायचा असल्याने मी निर्णय घेत आहे. शस्त्रक्रिया मान्य. परिच्छेद तीननुसार रुग्णाने भीती लेखी मांडावी, त्यासाठी फाइल पाठवत आहे. खाली तिने पूर्ण नाव घालून सही केली. आमच्या घरात वडिलांखेरीज कोणी ‘मान्य’ लिहिल्याची ही पहिली नोंद आहे.

फाइल शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वडिलांच्या टेबलावर गेली. त्यांनी चष्मा लावून जुनं पान वाचलं, उलटून पाठची बाजू पाहिली आणि परत पुढची वाचली. मग फाइल बंद केली.

त्याआधी आईने मला सर्जनकडे फोन करायला लावला होता. पुढच्या शुक्रवारची वेळ मिळत होती, पण ती गुरुवार दुपारपर्यंत पक्की करायची होती. त्यानंतर सर्जन तीन आठवडे बाहेरगावी जाणार होते. हे मी वडिलांना तोंडी सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहून फाइलीलाही लावलं.

रविवार गेला. सोमवार गेला. सोमवारी संध्याकाळी दोन दिवस पूर्ण झाले आणि फाइल टेबलावरच होती. मंगळवारी सकाळी मी पाहिलं, तशीच होती. वडील तिच्याशेजारी ताट ठेवून जेवले. ताईचा फोन आला. ती म्हणाली, आई, तू सरळ ॲम्ब्युलन्स बोलाव आणि उचलून ने. आई म्हणाली, फाइल त्यांच्याकडे आहे. ताईने विचारलं, मग? आई म्हणाली, “मग काही नाही. घाबरलाय तो. लिहू दे.”

आई वडिलांचा उल्लेख एकेरीत करताना मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

बुधवारी वडील अर्ध्या दिवसाने घरी आले. मेट्रोच्या जिन्यात दुखलं होतं, असं त्यांनी सांगितलं. गाठ आत जात नव्हती. आईने त्यांना आडवं व्हायला सांगितलं, पायांखाली दोन उशा दिल्या आणि पलंगाच्या कडेला बसली. वीस मिनिटांनी गाठ आत गेली. त्या वीस मिनिटांत मी ॲम्ब्युलन्सचा नंबर काढून फोन हातात धरला होता. आईने मान हलवून थांब म्हणून सांगितलं, मग पुन्हा मान हलवून फोन ठेव म्हणून सांगितलं.

वडील उठून बसले आणि त्यांनी फाइल मागितली. मी दिली. पेन मागितलं, तेही दिलं. ते गुडघ्यावर फाइल ठेवून लिहू लागले. पहिलं वाक्य लिहून खोडलं. वडिलांनी टिपणीत खाडाखोड केलेली मी याआधी पाहिली नव्हती. खोडलेल्या जागी त्यांनी नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि खाली पुन्हा लिहिलं.

‘अधोस्वाक्षरीकर्त्यास असे वाटते की भूल दिल्यावर तो काहीतरी बोलेल, आणि ते काय असेल हे त्यास माहीत नाही.’

त्यांनी फाइल माझ्याकडे दिली. मी नोंद केली आणि आईला दिली. ती त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बसलेली होती. तिने वाचलं.

“काय बोलाल?” तिने विचारलं.

“तेच माहीत नाही म्हणून लिहिलंय.”

“ऑफिसातलं काही?”

“असेल. तीस वर्षांत बरंच न बोललेलं आहे. सेक्शनमधल्या माणसांबद्दल. तुझ्या भावाबद्दलही.”

“भावाबद्दल मला माहितीये,” आई म्हणाली. “आणि तिथे कोणी मराठी नाही.”

वडिलांनी यावर विचार केला. मग त्यांनी ही बाब फाइलीवर यायला हवी असं सुचवलं. आईने लिहिलं : ‘शस्त्रक्रियागृहात मराठी समजणारे कोणी नसल्याची खात्री करण्यात येईल. तरीही काही बोलले गेल्यास ते रेकॉर्डवर घेऊ नये.’ सही केली. वडिलांनी खाली लिहिलं : ‘पाहिले. सहमत.’ गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता मी सर्जनच्या ऑफिसात फोन करून वेळ पक्की केली आणि मराठी समजणारं कोणी असेल का हेही विचारलं. पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारून घेतलं आणि नाही म्हणाल्या. सर्जन बिहारचे, भूल देणाऱ्या डॉक्टर केरळच्या, नर्स मणिपूरची. मी ही नावांशिवायची यादी फाइलीला लावली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही हॉस्पिटलात होतो. ताई गुरुग्रामहून कॅबने आमच्या आधी पोचली होती. संमतिपत्र चार पानांचं होतं. वडिलांनी ते सगळं वाचलं आणि पानांवर क्रमांक नसल्याचं दाखवून परत केलं. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने पेनाने एक ते चार आकडे घातले, प्रत्येकाला गोल केला आणि कागद परत दिले. वडिलांनी सही केली. नातेवाइकाच्या जागी आईने सही केली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांना आत नेलं. आई त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसली. ताईने तिला कॅन्टीनमध्ये चल म्हणून दोनदा सांगितलं. ती गेली नाही. अकराला दहा कमी असताना सर्जन बाहेर आले आणि सगळं ठीक झाल्याचं त्यांनी सांगितलं. आईने विचारलं, कुछ बोले क्या? सर्जन म्हणाले, “हाँ, काफी कुछ. समझ में कुछ नहीं आया. एक ही शब्द बार-बार.” कुठला, ते त्यांना आठवत नव्हतं, आणि रेकॉर्डवर घ्यायचं नसल्याने आईनेही पुढे विचारलं नाही.

बारा वाजता वडिलांना वॉर्डमध्ये आणलं. त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. नर्सने दोन वाजता देते म्हणून सांगितलं. दोन वाजून दहा मिनिटांनी दिलं.